निशिवाकी घरातली चूल

दुसरा बोगदा संपला आणि उजेडात आल्या आल्या कियोनो थांबली. दम लागला म्हणून नव्हे. कठड्याच्या सावलीत जुना बर्फ उरला होता, त्यात कुणाच्या तरी बुटांचे ठसे होते. काठी काखेत धरून, गुडघ्यांवर हात टेकून ती ते बघत होती.

"बाईमाणूस," ती म्हणाली. "काठी टेकत चाललेली. वर गेलीय, खाली आलेली नाही. म्हणजे वरच्या वस्तीतलीच कुणी."

"खोड काही जात नाही तुमची," फुमिए म्हणाली. "इथं कुठे पाहुणे आलेत?"

"पाहुण्याच्या तोंडाकडे बघितलं की तो अवघडतो. बुटांकडे बघितलेलं त्याला कळत नाही. चल."

बसनं त्यांना सकाळी साडेनऊला धरणाच्या फाटकापाशी सोडलं होतं. पूर्वी बस तलावाच्या टोकापर्यंत जायची. तीन वर्षांपूर्वी ती बंद झाली, बसायलाच कुणी उरलं नव्हतं म्हणून. आता फाटकापासून पुढचे सात किलोमीटर पायी, आणि अर्ध्याहून थोडं अधिक झालं होतं. कियोनो एक्याऐंशीची, फुमिए अठ्ठावन्नची. मागे पडत होती ती फुमिए.

जायचं कियोनोनंच काढलं होतं. गुरुवारी संध्याकाळी निखारे राखेत पुरताना, मान वर न करता ती म्हणाली होती, "रविवारी मोकळी आहेस का गं? कामिनोसेच्या तलावावर जायचंय. चालावं लागेल बरं का." सहा वर्षांत तिनं फुमिएकडे काही म्हणून मागितलं नव्हतं, पावसात छत्रीसुद्धा नाही. फुमिए लगेच हो म्हणाली. तिचंही एक काम होतं. पाठीवरच्या पिशवीत, भाताच्या मुटक्यांच्या डब्यामागे, पुठ्ठ्याच्या घडीत एक अर्ज होता. त्यावर चारशे बारा लोकांनी सहीऐवजी आपापल्या नावाचे शिक्के उठवले होते. संग्रहालयातल्या बत्तीस स्वयंसेवकांपैकी एकतीस जण त्यात होते. राहिली होती ती कियोनो. अर्ज सोमवारी नगरपालिकेत द्यायचा होता, आणि कियोनो दोन महिने नुसती "बघू, बघू" करत होती.

अर्ज होता तो विस्तवासाठी.

शहराच्या कडेला टेकडीवर जुन्या घरांचं संग्रहालय आहे. डोंगरातल्या गावांमधून खांबखांब सुटे करून आणलेली चौदा घरं, सगळी गवतानं शाकारलेली. अशा घराच्या मधोमध जमिनीत चौकोनी चूल असते. तिच्यात रोज विस्तव पेटला आणि धूर वर जाऊन गवतात मुरला, तर छप्पर चाळीस वर्षं टिकतं. नाही पेटला तर ओल आणि किडे दहा वर्षांत त्याची माती करतात. म्हणून तिथे स्वयंसेवक लागतात. सकाळी येऊन चूल पेटवायची, दिवसभर जागती ठेवायची, येईल त्याला बसवायचं, संध्याकाळी विझवून घरी जायचं. कियोनो अकरा वर्षं हेच करत होती, आणि एकाच घरात. दारावरच्या पाटीवर त्याचं नाव 'जुनं निशिवाकी घर' असं होतं. कियोनोचं आडनाव आराकी.

जानेवारीच्या बैठकीत संग्रहालयाचे प्रमुख शिबाता साहेब उभे राहिले आणि त्यांनी सांगितलं, एकतीस मार्चनंतर एकाही घरात विस्तव पेटणार नाही. टेकडीखाली नव्या इमारती झाल्या आहेत, तिथल्या लोकांच्या वाळत घातलेल्या कपड्यांना धुराचा वास लागतो. आगीची जोखीम घ्यायला वरचे लोक तयार नाहीत. शाकारणी करणारे कारागीर दोनच राहिलेत, तेही म्हातारे. निशिवाकी घराची अवस्था सगळ्यांत वाईट, ते तर उतरवणारच. खांब-वाश्यांना नंबर घालून सगळं गोदामात ठेवायचं. बाकीच्या घरांत चुलींमध्ये दिवे बसवायचे, लालपिवळे, हलल्यासारखे दिसणारे.

"बल्बचा विस्तव?" कियोनो म्हणाली होती. "मग पाहुणेही पुठ्ठ्याचेच आणा, साहेब. त्यांना बूटही काढावे लागणार नाहीत."

सगळे हसले. शिबाता साहेबही हसले, मग त्यांनी चष्मा काढून बराच वेळ पुसला. भला माणूस होता तो, पण त्याच्या हातात काही नव्हतं. त्या दिवशी कियोनो त्याहून जास्त काही बोलली नाही. बोलली फुमिए. घरोघर फिरून शिक्के गोळा केले तेही तिनंच.

फुमिए आली होती पोस्टातून. चौतीस वर्षं खिडकीमागे बसलेली बाई. निवृत्त झाली, त्याच वर्षी नवरा गेला, आणि घरात पितरांच्या देव्हाऱ्यापुढे सकाळ-संध्याकाळ उदबत्ती लावण्यापलीकडे तिला काम उरलं नाही. म्हणून तिनं संग्रहालयात नाव दिलं. स्वयंसेवकांसाठी चौदा पानांची पुस्तिका होती, ती तिनं पाठ केली. पहिल्याच दिवशी एक जोडपं लहान मुलीला घेऊन आत आलं आणि फुमिए सुरू झाली. घर किती जुनं, खांब कुठल्या लाकडाचे, वाशांना बांधलेल्या दोऱ्या कशाच्या. तीन मिनिटांत ती माणसं वाकून नमस्कार करत बाहेर पडली.

चुलीपाशी बसलेली म्हातारी तेव्हा पहिल्यांदा बोलली. "पोस्टात होतीस म्हणे?"

"हो."

"तिथं रांग हटवायची असते. इथं रांगच नाही. कशाला हटवलंस त्यांना?"

फुमिएला राग आला होता. दुसऱ्या आठवड्यात ती मुद्दाम गप्प बसून म्हातारी काय करते ते बघत राहिली. म्हातारी काहीच करत नसे, असं वाटायचं. माणसं आत आली, मातीच्या जमिनीवर बूट काढून फळ्यांवर चढली की ती हळूच उठायची आणि त्यांच्या बुटांची तोंडं दाराकडे करून ठेवायची, म्हणजे निघताना पाय सरळ आत जावेत. त्या वेळातच ती बघून घ्यायची. टाचा झिजलेले बूट असले तर माणूस लांबून चालत आलाय, त्याला आधी बसू द्यायचं. मुलांचे बूट उलटेपालटे पडले असतील तर आई थकलीय, तिच्याकडून मूल काढून घ्यायचं. ती कधी "काही विचारायचंय का?" म्हणायची नाही. म्हणायची, "गार पडलंय ना आज?" आणि सरपणातली एक ढलपी पुढे करायची. "घाला बरं तेवढी. माझा हात पोचत नाही."

तिचा हात चांगला पोचायचा.

ढलपी घातली की माणूस तिथून हलत नसे. आपण घातलेलं लाकूड पेटतंय का, हे बघत तो बसून राही. मग आपणहूनच विचारी, हा वरून टांगलेला, किटली अडकवायचा आकडा खालीवर कसा होतो, या घरात किती माणसं राहायची, झोपायची कुठे. विचारलं तेवढंच ती सांगायची, आणि कधी कधी तेवढंही नाही. "पाहुण्याला सगळं एकदम वाढायचं नसतं," ती फुमिएला म्हणायची. "पोट भरलं की तो उठतो."

एकदा भर दुपारी, मयतीला घालतात तसल्या काळ्या सुटातला एक माणूस एकटाच आला. मागे एक सहल बसली होती, आठ-दहा बायका. तो माणूस चुलीपाशी बसला आणि थोड्या वेळानं त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. थांबेना. बायका बघायला लागल्या. कियोनोनं कोपऱ्यातली एक ओली फांदी उचलली आणि विस्तवावर ठेवली. घरभर असा धूर झाला की सगळ्याच डोळे पुसायला लागल्या. "माझं मेलीचं चुकलं," ती म्हणाली, "ओलं लाकूड आलं हातात." माणूस दोन तास बसला. जाताना उंबऱ्यापाशी वळून त्यानं इतकं वाकून नमस्कार केला की त्याची टोपी पडली. त्या महिन्याच्या अहवालात वरिष्ठांनी शेरा मारला, निशिवाकी घरात धूर जास्त होतो.

अशा घरातल्या चुलीच्या चारी बाजू ठरलेल्या असतात. घरधनी एका बाजूला, त्याच्या एका हाताला घरधनीण, दुसऱ्या हाताला पाहुणा. चौथी बाजू सरपणाची, दाराकडची, वाऱ्याची. तिथे धाकटी सून बसते. कियोनो अकरा वर्षं त्या चौथ्या बाजूलाच बसली. फुमिए तिला म्हणायची, तुम्ही सगळ्यांत वयानं मोठ्या, घरधनिणीच्या जागी बसा की. "नको," कियोनो म्हणायची, "इथून दार दिसतं." फुमिएला वाटायचं, बाई विनयशील आहे.

तिसऱ्या बोगद्यानंतर रस्ता तलावाच्या काठाला येतो. पाणी खूप खाली गेलं होतं. उघड्या पडलेल्या चिखलात जुन्या शेतांचे दगडी बांध पायऱ्यांसारखे उतरत गेले होते, आणि एक रस्ता, डांबरी, मधली पांढरी रेघ अजून दिसणारा, सरळ पाण्यात शिरत होता. काठावर सिमेंटच्या कट्ट्यावर सहा दगडी जिझो ओळीनं उभे होते. वाटसरूंना आणि लेकरांना सांभाळणारे देव. गाव बुडायच्या आधी खालून वर आणून ठेवलेले. त्यांच्या गळ्यातली लाल फडकी उन्हानं गुलाबी पडली होती.

फुमिएनं पिशवी उतरवली. रुमालानं एकेकाच्या डोक्यावरचं शेवाळ पुसलं, आणि हात जोडून डोळे मिटून उभी राहिली. तिची रोजची प्रार्थना होती ती, काही मागणं नसलेली. डोळे उघडले तर कियोनो दहा पावलं मागे रस्त्याच्या पलीकडच्या कडेला उभी होती.

"या ना."

"तू कर. मी इथंच बरी."

"देवापुढे यायला काय हक्क लागतो का?"

"यांच्यापुढे लागतो," कियोनो म्हणाली.

कट्ट्याला टेकून त्यांनी मुटके खाल्ले. फुमिएनं थर्मासमधला भाजक्या पानांचा चहा झाकणात ओतून दिला. कियोनोनं दोन्ही हातांत धरला, पण प्यायली नाही, ऊबच घेत राहिली. तेवढ्यात फुमिएनं पुठ्ठ्याची घडी काढली. शाईची डबीसुद्धा आणली होती तिनं.

"कियोनो-सान, उद्या शेवटचा दिवस. तुमचा शिक्का नसेल तर तो अर्ज कसला? ते घर तुम्ही जागतं ठेवलंत. लोक विचारतात, आराकीबाईंचा कुठाय म्हणून."

"या अर्जानं काही होणार आहे?"

फुमिएनं शाईच्या डबीचं झाकण उघडून परत लावलं. शिबाता साहेबांनी तिला बाजूला घेऊन सांगितलं होतं, निर्णय शरद ऋतूतच झालाय, अर्ज मिळाल्याची नोंद तेवढी होईल.

"नाही होणार," ती शेवटी म्हणाली. "पण दिला पाहिजे."

"दे. पण त्या घराच्या नावानं मी परत कुठल्या कागदावर शिक्का मारणार नाही. चांगल्या कागदावरही नाही."

"परत म्हणजे?"

कियोनोनं हनुवटीनं पाण्याकडे दाखवलं. "तो रस्ता पाण्यात शिरतो ना, तिथून डावीकडे तिसरं घर. निशिवाकींचं. मी त्या घरची सून."

फुमिएच्या हातात डबी तशीच राहिली. तिच्या डोळ्यांपुढे सरपणाच्या बाजूला, वाऱ्याला बसलेली कियोनो आली. मग जे सुचू नये तेच तिला सुचलं. "मग आडनाव आराकी कसं?"

"नवरा गेल्यावर माहेरचं लावलं. एक अर्ज द्यावा लागतो, तेवढंच." कियोनो हसली. "पोस्टातली बाई ती पोस्टातलीच."

आणि मग तिनं सांगितलं, चहाकडे बघत, जसं कुणाचं तरी दुसऱ्याचं सांगावं तसं.

कामिनोसेत अडतीस घरं होती. ती विसाव्या वर्षी तिथे आली. चार वर्षांनी धरणाची बातमी आली, तसं सगळं गाव देवळात जमलं आणि शपथ झाली की धरणाच्या कचेरीतल्या कुणाला उंबरा ओलांडू द्यायचा नाही. चहा नाही, आसन नाही. तसं फळीवर रंगवून गावाच्या तोंडाशी लावलं. हिवाळ्यात गावातले पुरुष शहरात बांधकामावर जायचे. तिचा नवरा यासाकुही गेला. घरात ती आणि अंथरुणाला खिळलेली सासू. कचेरीनं एक पोरगेला माणूस नेमला होता, ओकुदा नावाचा. त्यानं रोज प्रत्येक घरापुढे उभं राहायचं, बंद दाराला वाकून नमस्कार करायचा आणि पुढच्या घरी जायचं. एवढंच त्याचं काम. दार कुणी उघडत नसे.

"फेब्रुवारी होता. पाऊस आणि बर्फ एकात एक पडत होतं. दाराच्या खालच्या फटीतून मला त्याचे बूट दिसले. शहरातले, पातळ. आत वर्तमानपत्र कोंबलेलं, ते भिजून बाहेर आलं होतं. मी त्याचं तोंड नाही बघितलं गं. तोंड बघितलं असतं तर नसतं उघडलं."

"उघडलंत."

"उघडलं. विस्तवापाशी बसवला. चहा दिला. हात कुठं ठेवावे ते त्याला कळत नव्हतं, म्हणून एक ढलपी दिली, घाल म्हटलं. धरणाचं नाव नाही काढलं त्यानं. वर टांगलेल्या आकड्याचं विचारलं. म्हणाला, आमच्याकडेही होती चूल, आई वारली मग बंद झाली. मी त्याचे बूट वाळत घातले, जाताना दाराकडे तोंड करून ठेवले. तीनदा आला तसा. काही मागितलं नाही. सासू आतून विचारायची, कोण आहे? मी म्हणायची, वारा आहे."

ती थांबली. फुमिएनं काही विचारलं नाही. एवढं तरी ती सहा वर्षांत शिकली होती.

"चौथ्यांदा एक कागद घेऊन आला. विकायचा नव्हे, नुसता घर आणि जमीन मोजायच्या परवानगीचा. तोसुद्धा त्यानं पुढे केला नाही. चहाच्या तबकाशेजारी ठेवला, चहा प्यायला, आणि कागद परत खिशात घालायला लागला. निघाला होता तो, फुमिए. रिकाम्या हातानं निघाला होता. आणि आलेला माणूस रिकाम्या हातानं पाठवायचा नाही, असं मला आईनं शिकवलेलं. घरात द्यायला काही नव्हतं. एक मुळा नव्हता. मीच म्हणाले, शिक्का लागेल ना? देव्हाऱ्याच्या खणात होता यासाकुचा. मी काढून आणला."

तलावावर वारा नव्हता. पाणी तव्यासारखं काळं आणि सपाट होतं.

दुसऱ्या दिवशी कचेरीची गाडी गावभर कर्णा लावून फिरली, निशिवाकींनी परवानगी दिली म्हणून. दहा दिवसांत आणखी नऊ घरांनी दिली. निशिवाकींनी दिली, मग आम्हीच का अडून बसायचं? चार वर्षांत गाव उठलं. शेजारची तोकिए, कियोनोच्याच वर्षी लग्न होऊन आलेली, तिची एकुलती मैत्रीण. तोकिएचा सासरा शेवटपर्यंत उठला नाही, त्याला दाराच्या फळीवर झोपवून बाहेर काढावं लागलं. पण कर्णा फिरला त्या दिवसापासूनच तोकिए तिच्याशी बोलली नाही. कुणीच बोललं नाही. निशिवाकी सगळ्यांच्या आधी गाव सोडून गेले, राहवेना म्हणून. घर रिकामं आणि धडधाकट होतं, म्हणून संग्रहालयानं नेमकं तेच उचललं.

"आणि यासाकु-सान?"

"वसंतात आला. ओरडला नाही, हात उगारला नाही. चुलीपाशी बसला. मी चहा ठेवला पुढे. त्यानं बघितला आणि सरकवून ठेवला. तिथून मरेपर्यंत माझ्या हातचा चहा तो प्यायला नाही. एकोणतीस वर्षं. जेवायचा, पण चहा नाही. नळाचं पाणी प्यायचा."

पुढचं आयुष्य तिनं चार वाक्यांत संपवलं. शहरात दोन खोल्या. सव्वीस वर्षं इस्पितळाच्या धुलाईघरात चादरी. सासू पहिल्याच हिवाळ्यात गेली. मुलगा उत्तरेला, नव्या वर्षाला फोन करतो. सत्तराव्या वर्षी म्हाताऱ्यांच्या मंडळाची सहल टेकडीवरच्या संग्रहालयात गेली. एका घरात पाऊल टाकलं आणि अंधारात तिचा उजवा हात आपोआप खांबावर गेला. अंगावरचा एप्रन अडकवायचा खिळा तिथंच होता. त्याच आठवड्यात तिनं स्वयंसेवकाचा अर्ज भरला. पूर्वी या कामाचा अनुभव आहे का, या रकान्यात 'नाही' लिहिलं.

फुमिए उठून उभी राहिली. तिचा चेहरा लाल झाला होता. "कियोनो-सान, हे शिबाता साहेबांना सांगू या. आजच. घरची सून जिवंत आहे, अकरा वर्षं त्याच चुलीत लाकूड घालतेय. वर्तमानपत्रात येईल. मग नाही उतरवणार कुणी ते घर!"

"आणि पाटीवर काय लिहितील?" कियोनोनं विचारलं. "हिनं चहा दिला?"

"तसं नाही..."

"तुम्ही सगळे म्हणता, कियोनो माणसांना बसवते छान. शिबाता साहेब नव्या पोरींना माझ्याकडे पाठवतात शिकायला. काय शिकवते मी त्यांना? बूट बघा, हाताला काम द्या, मागू नका, थांबून राहा, म्हणजे माणूस आपणहून विचारतो. माझं नाही ते. ओकुदाचं आहे. त्यानं मला असंच बसवलं होतं, माझ्याच घरात. एका माणसाला मी नीट बसवलं आणि अडतीस घरं उठली."

"त्याला ठाऊक तरी होतं का, आपण काय करतोय ते?"

"नसेल. पंचविशीचा होता. खरंच थंडी वाजत होती त्याला." कियोनोनं गार झालेला चहा एका घोटात संपवला आणि झाकण झटकलं. "तेच तर वाईट आहे. खोटं कुणीच नव्हतं."

फुमिएनं अर्ज घडीत घातला, घडी पिशवीत घातली. कियोनोच्या शिक्क्याची जागा रिकामीच राहिली. तिला देवळातल्या गुरुजींचं काहीतरी आठवत होतं, पश्चात्तापाबद्दल, क्षमेबद्दल. पण या बाईपुढे ते उच्चारायची तिला लाज वाटली. तिनं मनातल्या मनात सहा जिझोंना सांगितलं, हिच्याकडे बघा. बाकी तिला काही येत नव्हतं.

काठाकाठानं रस्ता आणखी अर्धा किलोमीटर जाऊन उजवीकडे चढत होता. वर, सुरूच्या झाडांपलीकडे, पत्र्याची निळी छपरं दिसत होती. गाव उठलं तेव्हा ज्यांना शहरात जायचं नव्हतं, त्यांना कचेरीनं तिथे जागा दिली होती. तेव्हा सोळा घरं होती. आता सहांतूनच धूर निघत होता. चढाच्या तोंडाशी एक दगड होता, त्यावर बुडालेल्या अडतीस घरांची नावं कोरलेली. कियोनो तिथपर्यंत आली आणि थांबली. दगडाकडे तिनं बघितलं नाही.

"सात वेळा आलेय मी इथपर्यंत," ती म्हणाली. "अकरा वर्षांत. दर वेळी इथून परत. रोज सकाळी वर्तमानपत्रातले मृत्यू वाचते, तेव्हा कळतं वर कोण उरलंय. नऊ जणं आहेत. तोकिए आहे अजून."

"ते कधी संग्रहालयात आले नाहीत?"

"एकदाही नाही. साऱ्या प्रांतातली माणसं येऊन बसून गेली त्या चुलीपाशी. परदेशातली आली. शाळेची पोरं किती आली त्याची गणती नाही. ज्यांचं गाव होतं त्यांतलं एक माणूस नाही. मी रोज बुटांकडे बघते ना, ते त्यासाठीच बघत असते. चिखलात चालणाऱ्या माणसाचा बूट मला ओळखता येतो." तिनं ओठ घट्ट मिटले, मग परत उघडले. "एकतीसला शेवटचा विस्तव. त्यानंतर बसवायला घरच नाही."

वरून कुठल्या तरी घरातून रेडिओचा आवाज येत होता. कुत्रं भुंकलं आणि गप्प झालं.

"फुमिए, तू जा वर."

"मी?"

"मी गेले तर दार उघडणार नाहीत. तू जा. सहाही घरी जा, पण आधी तोकिएकडे, निळा पाण्याचा पिंप आहे दारात, ते घर. सांग, संग्रहालयातून आलेय. एकतीस मार्चला निशिवाकींच्या घरात शेवटचा विस्तव आहे, अकरा वाजता, येऊन बसून जा. खाली स्टेशनपर्यंत गाडी करता येईल म्हणावं, शिबाता साहेबांना मी विचारलंय. गुडघे दुखत असतील सगळ्यांचे, खुर्च्याही ठेवू. चहा कोण करणार असं विचारलं, तर नाव सांग माझं. लपवू नकोस. पण विचारल्याशिवाय सांगू नकोस." तिनं हातातली काठी दगडाला टेकवली आणि खाली बसली, वस्तीकडे पाठ करून. "येणार नाहीत. ठाऊक आहे मला. तरी बोलावणं गेलं पाहिजे. आणि खाली आल्यावर ते जे म्हणाले असतील तेच मला सांग. मला बरं वाटावं म्हणून त्यात पदरचं काही घालू नकोस. घालशील, ओळखते मी तुला. तेवढं करू नकोस."